अठ्ठाविसावी सही

ओपल डिटमरला माणसं चेहऱ्यापेक्षा सहीने जास्त ओळखू यायची. जिल्ह्याच्या निवडणूक कचेरीत निवृत्त होईपर्यंत तिने सव्वीस वर्षं एकच काम केलं. कागदावर आलेली सही जुन्या नोंदीतल्या सहीशी ताडायची आणि पास की बाद ते ठरवायचं. वेलर्टन गाव नऊ हजार वस्तीचं. कोण आपल्या ‘एल’ला शेपूट काढतो, घटस्फोटानंतर कोणाच्या आडनावाचं पहिलं अक्षर एकदम मोठं झालं, दारू सुटल्यापासून कोणाची ओळ सरळ येते, हे सगळं तिला पाठ होतं. एकदा तिने सख्ख्या नणंदेची सही बाद केली होती. नणंद पुढचे दोन ख्रिसमस जेवायला आली नाही. ओपलला त्याचं काही वाटलं नाही. सही जुळत नव्हती, विषय संपला.

अशी ही बाई कडक आणि सरळ, कागदाच्या बाबतीत तर सोन्यासारखी. पण तिच्यात एक खोट होती आणि ती लपवण्यात अर्थ नाही. दुसऱ्याचं कौतुक ऐकलं की तिच्या पोटात दुखायचं. चर्चमध्ये कोणाच्या ‘ॲपल पाय’ची स्तुती झाली की ओपल म्हणायची, “छान आहे, फक्त खालून कच्चा राहिलाय.” आणि तो खरंच कच्चा असायचा, म्हणून तिला कोणी काही बोलूही शकत नसे.

तिचा नवरा व्हर्नन अगदी उलटा. एकतीस वर्षं शाळेची बस चालवलेला, त्यामुळे अर्धं गाव कधी ना कधी त्याच्या मागच्या बाकावर बसून मोठं झालेलं. दोन हिवाळ्यांपूर्वी त्याला अर्धांगाचा झटका आला. बोलणं परत आलं, चालणं काठीवर आलं, उजवा हात मात्र अर्धाच परतला. तेव्हापासून त्याचा दिवस समोरच्या व्हरांड्यातल्या सोफ्यावर जायचा. नारिंगी-तपकिरी चौकड्यांचा, मधोमध खड्डा पडलेला तो सोफा ओपलला डोळ्यांसमोर नको असायचा. ती त्याच्यावर कधी बसली नव्हती. पण लाकडी खुर्चीवर व्हर्ननचं कंबरडं टिकत नसे, प्लास्टिकच्या खुर्चीवरून तो घसरायचा, आणि आत टीव्हीसमोर बसवला की दोन दिवसांत कोमेजायचा. बाहेर सोफ्यावर असला की येणारा-जाणारा प्रत्येक जण हात करी आणि हा डावा हात वर करून त्याला नावाने हाक मारी. तेवढ्यावर तो जगत होता म्हटलं तरी चालेल.

मार्च महिन्यात नगर परिषदेने चार विरुद्ध तीन मतांनी ठराव केला, की घरातलं गादीचं फर्निचर समोरच्या व्हरांड्यात ठेवायला बंदी. गाव म्हणे उकिरड्यासारखं दिसतं. ठराव अमलात यायला तीस दिवस.

व्हर्ननने बातमी वाचली, पेपर घडी करून मांडीखाली ठेवला आणि म्हणाला, “चला, सुटलीस. तुला हे धूड नकोच होतं.”

“मला नको असणं वेगळं,” ओपल म्हणाली. “त्या चौघांना नको असणं वेगळं.”

दुसऱ्या दिवशी ती कोट चढवून नगरपालिकेत गेली. तीस दिवसांच्या आत गावातल्या मतदारांच्या पुरेशा सह्या दिल्या, की ठराव तिथेच थांबतो आणि नोव्हेंबरात सगळ्या गावाच्या मताला टाकावा लागतो, हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. वेलर्टनला चारशे बारा सह्या लागत होत्या. तिने ठरावाची शिक्क्याची प्रत घेतली, आधी ती हिशेबनिसाकडे जमा केली (लोक नेमकं हेच विसरतात आणि मग रडतात), अर्ज छापून घेतले, प्रत्येकामागे ठरावाचा सबंध मजकूर जोडला आणि आपल्या स्वयंपाकघरात बैठक बोलावली.

सहा जण आले. सहावी आली जॅनेल प्रुइट, समोरच्या घरात गेल्या उन्हाळ्यात राहायला आलेली. आयुष्यभर केस कापण्याचा धंदा केलेली, ओपलपेक्षा दहा वर्षांनी लहान, विधवा, आणि हसायला लागली की कपाटातल्या बशा वाजायच्या. तिच्या स्वतःच्या व्हरांड्यात सोफा नव्हताच. ती येताना पीचचा गरम कॉबलर, फळांवर पिठाचा थर देऊन भाजलेला गोड पदार्थ, घेऊन आली आणि सगळ्यांनी आधी त्याच्यावर झडप घातली.

ओपलने चमचे थांबेपर्यंत वाट पाहिली. मग नियम सांगितले. शाई निळी किंवा काळी. नवऱ्याची सही बायकोने करायची नाही, मग तो दारामागे आंघोळ करत का असेना. सही होताना स्वतःच्या डोळ्यांनी बघायची. आणि सगळ्यात शेवटी, अर्जाच्या तळाशी, आपण किती सह्या पाहिल्या तो आकडा स्वतःच्या हाताने लिहून खाली आपली सही करायची.

“हा आकडा नीट ऐका,” ती म्हणाली. “सह्यांपेक्षा जास्त लिहिलात तर माफ आहे. एकनेही कमी लिहिलात तर अख्खा अर्ज केराच्या टोपलीत. एक सही नाही, सगळ्या. अर्ज जमा झाला की मग देवालासुद्धा दुरुस्ती करता येत नाही.”

“अगं बाई, ओपल हनी,” जॅनेल म्हणाली, “तू शाळेत शिकवत असतीस तर मी नापासच झाले असते!”

सगळे हसले. ओपलला तो शब्द डाचला. जॅनेल सगळ्यांनाच हनी म्हणायची, पोस्टमनला, कुत्र्याला. पण बैठक संपल्यावर ती व्हरांड्यात व्हर्ननलाही हनी म्हणाली, आणि झटक्यानंतर पहिल्यांदा व्हर्नन मोठ्याने हसलेला ओपलने आत भांडी घासताना ऐकला. तिने नळ बंद केला. हसणं थांबलं नाही.

ओपल दारोदार फिरली. घंटा वाजवायची, नाव सांगायची आणि सही घेण्याआधी ठराव पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचून दाखवायची. लोक दारात उभे राहून पाय बदलायचे. एकाने तर म्हटलं, “मिसेस डिटमर, मागच्या वेळी तुम्ही माझी सही बाद केली होतीत. आता कशाला मागता?” आठवड्यात तिच्या एकतीस सह्या झाल्या.

जॅनेलने कुठेच घंटा वाजवली नाही. ईस्टरच्या आधीचे, मांस वर्ज्य करून मासे खायचे शुक्रवार चालू होते. चर्चच्या तळघरात तळलेल्या माशांच्या जेवणाला ती दारातच टेबल टाकून बसली. “आत मासा, बाहेर सोफा! सही करा आणि जेवा!” असं ओरडायची. एका संध्याकाळी चौऱ्याण्णव. पुढच्या शुक्रवारी एकशेदोन. ओपलने विचारलं, “ठराव वाचून दाखवलास का?” तर म्हणाली, “हनी, मी म्हटलं व्हर्ननचा सोफा उचलून नेणार आहेत. त्याच्यापुढे कोण वाचतंय!”

व्हर्ननचा सोफा. म्हणजे ओपलच्या घरातली गोष्ट गावभर जॅनेलच्या तोंडून फिरत होती.

तिसऱ्या आठवड्यात गावच्या साप्ताहिकाने फोटो छापला. सोफ्यावर मधोमध व्हर्नन, शेजारी जॅनेल, दोघं दात काढून. खाली लिहिलेलं: ‘सोफ्याच्या लढाईची सेनापती.’ डाव्या कडेला एक कोपर दिसत होतं, त्याला स्वेटरची राखाडी बाही. ते ओपलचं. ती लिंबाच्या सरबताचा ट्रे घेऊन उभी होती आणि फोटोवाल्याने ‘थोडं सरकता का’ म्हटलं होतं.

“फोटो बरा आलाय,” व्हर्नन म्हणाला.

“कोपर छान आलंय,” ओपल म्हणाली.

“अगं, तू पण ना. जॅनेल नसती तर झालं असतं का एवढं?”

हे वाक्य तिला लागलं ते लागलंच. नियम कोणाला माहीत होते? प्रत कोणी जमा केली? ती रात्रभर तळमळली नाही, पण सकाळी अंडी तळताना तिने जॅनेलला मनात चार वेळा बाद केलं.

आणखी एक गोष्ट तिला टोचत होती. व्हर्ननची सही. आपल्या अर्जावरची बत्तिसावी ओळ तिने त्याच्यासाठी राखून ठेवली होती. पहिल्या दिवशी म्हणाला, उद्या. उद्या म्हणाला, हात आखडलाय. मग म्हणाला, चष्मा सापडत नाही, आणि चष्मा त्याच्या कपाळावर होता. ओपलने नाद सोडला. करेल शेवटच्या दिवशी, जातोय कुठे, असं म्हणून तिने तळाशी आकडा घालून टाकला, बत्तीस, आणि खाली सही ठोकली. दुसऱ्या कोणी असं केलं असतं तर तिने त्याला उभं सोललं असतं.

अर्ज शुक्रवारी दुपारी बारापर्यंत द्यायचे होते. गुरुवारी दुपारच्या जेवणानंतर ओपल सगळे गठ्ठे घेऊन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली. कागदावर तिचा जीव निवायचा. बाद होणाऱ्या सह्या तिने भराभर पानं उलटत मनातल्या मनात वगळल्या आणि धड उरलेल्या मोजल्या. चारशे तेहतीस. एकवीस जास्त. सुटलो.

मग ती तळाचे आकडे ताडायला लागली. जॅनेलच्या शेवटच्या अर्जावर तळाशी लिहिलं होतं, सत्तावीस. गोल, गुबगुबीत आकडा. ओपलने पेन्सिलीच्या टोकाने सह्या मोजल्या. अठ्ठावीस. पुन्हा मोजल्या. अठ्ठावीसच.

तिच्या अंगातून जे गेलं ते दुःख नव्हतं, ते खोटं कशाला बोला. आनंद होता. सेनापतीबाई! एकच गोष्ट सांगितली होती, नीट ऐका म्हणून, आणि नेमकी तीच. हा अर्ज गेला की उरल्या चारशे पाच. सातने कमी. पेपरात येईल: जॅनेल प्रुइटच्या चुकीमुळे. फोटोसकट येईल. ओपलला फक्त गप्प बसायचं होतं. तिने काही केलंच नसतं. कागद जसा आला तसा पुढे दिला, बस्स.

मग अठ्ठाविसावी सही कोणाची, हे बघायला तिने चष्मा पुसला.

अक्षरं ओळीवरून खाली घसरत गेली होती. सुरुवातीला पेन टेकवून ठेवल्याचा शाईचा ठिपका. पहिला ‘व्ही’ दोनदा गिरवलेला. आडनाव अर्ध्यात दमलेलं. नोंदीतल्या कुठल्याच सहीशी ती जुळत नव्हती. पण पत्ता ओपलच्याच घराचा होता.

व्हर्ननने सही केली होती. जॅनेलला.

समोर ओपलचा स्वतःचा अर्ज होता, बत्तीस लिहिलेला, बत्तिसावी ओळ कोरी. इथे जी कमी होती ती तिथे जास्त झाली होती. त्रेचाळीस वर्षांचा संसार, दोन वर्षं त्याचे मोजे चढवले, शर्टाची बटणं लावली, आणि सही त्या केस कापणारीला! खिडकीतून सोफ्याची पाठ आणि तिच्यावर टेकलेलं व्हर्ननचं डोकं दिसत होतं. बस मग प्लास्टिकच्या खुर्चीवर, तिने मनात म्हटलं. घसर. तिलाच बोलव उचलायला. हे असं आपण म्हणतोय याची तिला लाज वाटली, पण म्हणणं थांबलं नाही.

शेवटी तिला टेबलावरून उठवलं ते काही चांगुलपणाने नव्हे. सत्तावीस लिहिलेला आणि अठ्ठावीस सह्यांचा कागद तिला हातात धरवेना. सव्वीस वर्षांत असला कागद तिने कधी मुकाट पुढे ढकलला नव्हता. वर राग होताच. ती अर्ज घेऊन मागच्या दाराने निघाली, वळसा घालून रस्ता ओलांडला आणि जॅनेलचं दार ठोठावलं.

“हा काय प्रकार आहे?”

जॅनेलचे हात पिठाने भरलेले. तिने कागद बघितला आणि तिचं हसू गेलं. “अरे देवा. त्याने शपथ घातली होती मला.”

“आकडा बोल.”

“मी आकडा लिहिला, सही केली, उठले. तर म्हणाला, थांब, मला पण दे. मी म्हटलं, हनी, तुझी ओपलच्या कागदावर झाली असेल की. तर म्हणाला नाही.” जॅनेलने हात अॅप्रनला पुसले. “दहा मिनिटं लागली त्याला. घाम फुटला होता. मला बाई बघवेना, मी दुसरीकडे तोंड केलं.”

“दुसरीकडे? सही होताना बघायची असते! मी काय भिंतीला सांगत होते?”

“बघितलं गं, तिरक्या डोळ्याने! बघितलं! आकड्याचं मात्र डोक्यातून गेलं.”

“आणि माझ्यापासून लपवायचं काय होतं एवढं?”

“मला काय ठाऊक? म्हणाला ओपलला सांगू नकोस. तुझा नवरा, तू विचार.” मग जरा थांबून ती म्हणाली, “मी म्हटलं, करून टाकायची ना तिच्याकडे. तर म्हणाला, तिच्याकडे पास व्हावं लागतं.”

जॅनेलने ओपलला पाणी विचारलं, तिने नको म्हटलं.

“आता काय करायचं ते सांग,” जॅनेल म्हणाली. ड्रॉवरमधून पेन काढून तिने हातात घेतलं. “नाव खोडू की आकडा बदलू?”

दोन्ही चालण्यासारखं होतं. नाव खोडणं जास्त शहाणपणाचं. ती सही कचेरीत टिकणार नव्हतीच, हे ओपलइतकं कोणाला कळणार? आणि खोडलं असतं तर जॅनेलच्या कागदावरून व्हर्नन कायमचा गेला असता. तिच्या मनात हेही आलं. ओपल कागदाकडे बघत राहिली. दोनदा गिरवलेल्या ‘व्ही’कडे बघत राहिली.

“आकडा,” ती म्हणाली. “सत्तावीसवर एक आडवी रेघ. वर अठ्ठावीस लिही, शेजारी तुझी आद्याक्षरं. आणि सात नीट काढत जा, एकासारखा दिसतो.”

शुक्रवारी सकाळी साडेदहाला अर्ज जमा झाले. पायऱ्यांवर साप्ताहिकाचा फोटोवाला होता. त्याने जॅनेलचा फोटो घेतला. ओपल या वेळी आधीच बाजूला झाली, निदान कोपर तरी वाचेल म्हणून.

दहा दिवसांनी निवडणूक कचेरीतून ब्रिजेटचा फोन आला. ओपलच्या जागी आता ती बसायची, ओपलनेच तयार केलेली.

“मिसेस डिटमर, चारशे सव्वीस पास! ठराव थांबला. नोव्हेंबरात मतदान.”

“माझ्या हिशेबाने चारशे बत्तीस हव्या होत्या.”

“सहा जणांनी पत्ता बदललाय, तुम्हाला कळलं नसेल.” ब्रिजेट घुटमळली. “एक सांगायचं होतं. तुमच्या मिस्टरांची मी बाद केली. तीनदा बघितली हो. पण जुळेना. तुम्ही असतात तर—”

“मी असते तरी बादच केली असती,” ओपल म्हणाली. “बरोबर केलंस.”

फोन ठेवून ती तशीच गाडी काढून कचेरीत गेली आणि एक कागद घेऊन आली. घरी पोचली तेव्हा बातमी तिच्या आधी पोचली होती. व्हरांड्यात सोफ्यावर व्हर्नन आणि जॅनेल, हातात आइस्क्रीमचे कप, हसणं रस्त्यापर्यंत ऐकू येत होतं. ओपलच्या पोटात परत दुखलं. इतक्या दिवसांची सवय, एका दिवसात थोडीच जाते.

“जॅनेल,” ती म्हणाली, “घरी जा जरा.”

जॅनेलने तिच्या हातातला कागद बघितला, कप उचलला आणि एक शब्द न बोलता गेली. ओपलने मान्य केलं की बाईला एवढं तरी कळतं.

मग ती त्या चौकड्यांच्या सोफ्यावर बसली, पहिल्यांदाच. बसल्याबरोबर खड्ड्यात घसरली आणि व्हर्ननच्या खांद्याला जाऊन भिडली.

“तू तिच्याकडे सही केलीस,” ती म्हणाली.

व्हर्ननने आइस्क्रीम कठड्यावर ठेवलं. “केली.”

“का?”

एक गाडी गेली, कोणीतरी हात केला, त्याने डावा हात उचलला. “तिने माझी जुनी सही कधी बघितलेली नाही,” तो म्हणाला. “तुला पाठ आहे.”

इतकी वर्षं गावातल्या प्रत्येक हाताची कथा वाचणारी बाई, आणि घरातला हात तिच्या नजरेला भीत होता. तिने कागद त्याच्या गुडघ्यावर पसरला, खाली ट्रे सरकवला. मतदार नोंदीतली सही बदलण्याचा अर्ज होता तो.

“ही केलीस की जुनी रद्द,” ती म्हणाली. “पुढे कोणी तुझी सही ताडली तर हिच्याशीच ताडणार. तू काढशील ती बरोबर.”

“आणि वाकडी आली तर?”

“मग वाकडी ती बरोबर.”

त्याने पेन घेतलं, डाव्या हाताने उजव्याचं मनगट धरलं आणि टोक कागदावर टेकवलं. शाईचा ठिपका पडला. ओपलने तोंड दुसरीकडे केलं नाही. रस्त्यावरून शाळेची बस गेली, पोरांनी ‘मिस्टर डिटमर!’ म्हणून गलका केला, समोर जॅनेलच्या खिडकीतला पडदा हलला. तिने कशाकडेच मान वळवली नाही. शेवटचं अक्षर पुरं झालं तेव्हा व्हर्ननच्या कपाळावर घाम होता आणि कठड्यावरचं आइस्क्रीम वितळून गेलं होतं.

ओपलने मनगटावरचं घड्याळ बघितलं. अकरा मिनिटं लागली होती. जॅनेलला दहाच मिळाली होती.